लाखोळीचा हिवाळा

डॉक्टरांनी विचारलं, “घरी जेवायला काय देता यांना?” तेव्हा मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या आनंदाची लाज मला अजून वाटते. नवरा दवाखान्याच्या खाटेवर पडलेला, दोन्ही पाय लाकडासारखे ताठ, आणि मी मात्र वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीसारखी पुढे सरसावले. पण हे असं मधूनच सांगून चालायचं नाही. सुरुवातीपासून सांगते.

सत्त्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच झाली होती. आम्ही नागपूरला गोकुळपेठेत भाड्याच्या तीन खोल्यांत राहायचो. आमचे हे, म्हणजे महादेवराव, तारऑफिसात होते. दिवसभर खुर्ची, दुपारी कचोरी, घरी आल्यावर चिवडा, रविवारी मटण. पोट असं सुटलं होतं, की पायात दोन्ही चपला एकाच जोडाच्या आहेत का, हे त्यांना मला विचारावं लागे. मी टोमणे मारायची, ते हसायचे. फराळ संपता संपता त्यांना सारखी तहान लागायला लागली. तपासलं, तर लघवीत साखर. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. भात, बटाटा, गोड, तळलेलं बंद. डाळी आणि पालेभाज्या खा आणि रोज सायकल चालवा.

एवढं ऐकून हे घरी आले आणि निवांत पेपर वाचत बसले. मला बसवेना. माझे सासरे चव्वेचाळिसाव्या वर्षी याच दुखण्यानं गेले होते, आणि यांना बेचाळिसावं लागलं होतं. सासूबाईंना मी त्यांच्या शेवटापर्यंत मोकळ्या कपाळानं वावरताना पाहिलं होतं. मला तसं व्हायचं नव्हतं. आमच्या दहा वर्षांच्या चारुशीलेला बिनबापाची करायचं नव्हतं. मला माझा नवरा जिवंत आणि धडधाकट हवा होता. त्यासाठी तो रोज रडला तरी चालेल, असं मी ठरवून टाकलं.

जिन्याखाली त्यांची जुनी सायकल धूळ खात पडली होती. मी स्वतः ती ढकलत दुकानात नेली, टायर-ट्यूब बदलून आणली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे यांच्या अंगावरची रजई ओढून काढली.

“तू मले मारून टाकशील वं सुभद्रा,” ते म्हणाले.

“माराचं असतं तं फराळाचा डबाच समोर ठेवला असता तुमच्या.”

गेले बिचारे कानटोपी घालून. सोबतीला शेजारचे वामनराव होते. ते बँकेत नोकरीला होते आणि त्यांचीही प्रकृती यांच्यापेक्षा फार वेगळी नव्हती. पहिल्या दिवशी दोघं लॉ कॉलेजच्या चौकातून परत आले. आठवडाभरात फुटाळ्याला पोचले. डिसेंबर लागला तेव्हा सेमिनरी हिल्सचा चढ सायकलवरून न उतरता चढायला लागले. आणि मग एक गंमत झाली. यांना ते आवडायला लागलं. मी उठवायच्या आधी उठून बसायचे, चेनला तेल द्यायचे, पितळी घंटी राखेनं घासायचे. रविवारी अमरावती रोडनं वाडीच्या पुढे जायचे. तिथली ट्रकांची गर्दी एकदा मागे पडली की रस्ता मोकळा, असं सांगायचे, आणि सांगताना त्यांचा चेहरा शाळकरी पोरासारखा दिसायचा. परत येताना पिशवीत संत्री असायची. अंगणात सायकल लावून शीळ वाजवायचे. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि या माणसाला शीळ वाजवता येते हे मला तेव्हा कळलं.

सायकल त्यांच्याकडे होती, तर स्वयंपाकघर माझ्याकडे. वनस्पती तुपाचा डबा मी मोलकरणीला देऊन टाकला. चिवडा बंद, कचोरी बंद. आता डाळी खायच्या म्हणजे कोणत्या, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला माहीत आहे अशी माझी खात्री होती.

माझं माहेर मांढळच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात. धान कापायच्या आधीच बांधीतल्या ओलीत लाखोळी शिंपडून देतात. नांगर नको, पाणी नको, ती आपली आपण येते. मसुरीपेक्षा मोठी, कोनाकोनाची, फिकट पिवळी डाळ. आमचे गडी तीच खायचे. त्याच डाळीचं वरण, त्याच पिठाची रोटी, हिवाळ्यात त्याच्याच कोवळ्या पाल्याची भाजी. आणि काय एकेकाचं अंग असायचं! पोट पाठीला लागलेलं, पोटऱ्या पिळदार, दिवसभर चिखलात राबून संध्याकाळी दोन मण धान डोक्यावर घेऊन चालायचे. त्यांच्यात कोणाला साखर झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. लहानपणी मी आईला विचारलं होतं, की आपण ती डाळ का खात नाही. आई म्हणाली होती, “आपल्याले नाही पचत वं ते.” मी त्याचा सरळ अर्थ घेतला. आपण नाजूक, ते दणकट. म्हणून आपल्याला पचत नाही.

मी बाबांना पत्र टाकलं, की एक पोतं लाखोळी पाठवा. कशाला ते लिहिलं नाही. आठ दिवसांत पोतं एसटीच्या टपावरून आलं. सोबत बाबांची चिठ्ठी होती, “म्हैस घेतली काय?” मला हसू आलं. उत्तरात मी लिहिलं, “म्हैस कशाला, घरी बैल आहे ना.” बाबांना वाटलं असेल, पोरीची नेहमीची थट्टा.

मग आमच्याकडे लाखोळीचं राज्य सुरू झालं. यांच्या ताटातून भात गेला, पोळी गेली. दोन्ही वेळेला लाखोळीच्या पिठाची रोटी, लाखोळीचं घट्ट वरण, सोबत मुळा, कांद्याची पात, जवसाची चटणी. सकाळी सायकलवरून आले की त्याच पिठाचे वाफवलेले गोळे, वरून लिंबू. तेल थेंबभर. संक्रांतीला तिळाचा लाडू एकच, तोही मी उभी राहून खायला लावला, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. मी स्वतः तेच वरण, पळीभर, भातावर घ्यायची. भात सोडायला मला कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

चारुशीला मात्र ती डाळ तोंडाला लावायची नाही. “मले तुरीचं वरण पाह्यजे,” म्हणून ताट सरकवायची. एकदा मी तिला त्यावरून थापडही मारली. तिनं रडत रडत कोरडा भात खाल्ला, पण डाळ खाल्ली नाही. माझ्यावर गेली आहे, असं हे म्हणाले.

आणि गुण आला. तोच तर घात झाला. दीड महिन्यात यांचा पट्टा दोन भोकं आत गेला. साखर उतरली. डॉक्टरांनी माझ्यादेखत यांच्या पाठीवर थाप मारली. गल्लीतल्या बायका येऊन विचारायला लागल्या, की काय खाऊ घालता हो? मी सांगायची. कमरेवर हात ठेवून, कितीही वेळ सांगायची. कोणी काय खावं, किती खावं, कशात शिजवावं. वामनरावांच्या प्रेमिलावहिनींना तर मी पायलीभर लाखोळी नेऊन दिली आणि वर दर दोन दिवसांनी विचारायची, की करता ना रोज? त्या म्हणायच्या, करते तं, मस्त लागते.

या सगळ्यातून रामटेकचा बेत निघाला. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पहाटे निघायचं, कामठीवरून मनसर, तिथून रामटेक, गड चढून दर्शन घ्यायचं आणि संध्याकाळी सायकलवरच परत यायचं. येऊन-जाऊन साठ मैल. तीन महिन्यांपूर्वी जो माणूस कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर रिक्षानं गेला असता, तो साठ मैलांच्या गोष्टी करत होता. मी मनातल्या मनात सासऱ्यांच्या फोटोला म्हणाले, पाहा, तुमचा मुलगा वाचवला मी.

जानेवारीच्या मध्यावर त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. पहाटे उठले की पाय अवघडलेले असायचे, दोन-चार पावलं टाकल्यावर सुटायचे. मी म्हणाले, सायकलीमुळं होतं, अंगात मुरलं की जाईल. रात्री मोहरीचं तेल चोळून द्यायची. मग एक दिवस ते ओट्याच्या पायरीला अडखळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच अडखळले. चालताना पाऊल पूर्ण टेकायचं नाही, चवड्यावरच यायचं.

“काहून असे नाचत चालून राहिले?” मी विचारलं.

“पाय जड होऊन राहिले वं. आपले नसल्यासारखे वाटतात.”

“ताकद पाहिजे त्यायले,” मी म्हणाले.

आणि मी रोट्या वाढवल्या. दोनाच्या तीन केल्या, तिनाच्या चार. वरणाची वाटी मोठी केली. ते म्हणायचे पोट भरलं, मी म्हणायची रामटेक जायचं आहे ना, खा. ते खायचे. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी पहाटे दोघं निघाले. मी डब्यात सहा रोट्या बांधून दिल्या. दिवसभर मी खुशीत होते. दुपारी चारपासून फाटकाशी उभी राहिले. पाच वाजले, सहा वाजले. साडेसहाला एक टेम्पो गल्लीत शिरला. मागं दोन सायकली आडव्या टाकलेल्या, वामनराव उभे, आणि हे खाली बसलेले. मला पाहून हसले. पण उठले नाहीत.

वामनरावांनी सांगितलं ते असं. जाताना काही नाही. गड चढताना यांना दोनदा बसावं लागलं. परतीच्या वाटेवर कन्हानचा पूल ओलांडला आणि हे म्हणाले, थोडं थांबू. वामनराव उतरले. यांना उतरताच येईना. पाय पायडलवरून निघेना, तो ताठच राहिला. सायकलसकट रस्त्यावर आडवे झाले. लागलं फारसं नव्हतं, पण उभं केलं तर दोन्ही गुडघे एकमेकांत अडकत होते, कात्रीसारखे.

“थकले असतील,” मी म्हणाले.  मी आणि वामनरावांनी धरून त्यांना टेम्पोतून खाली घेतलं. मी त्यांचा एक पाय धरला होता. तो वाकतच नव्हता. ज्या पायाला मी पंधरा दिवस तेल चोळत होते, तो मला कोणा परक्याचा वाटला. आपण घाबरलो आहोत हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, तर पाय केवढ्यानं उडाला. टाचणी टोचून पाहिली, सगळं कळत होतं. हात चांगले होते, बोलणं चांगलं होतं. पाठीच्या मणक्याचं काही असेल, असं आपसात बोलत होते. मग त्यांचे वयस्कर साहेब आले. त्यांनी यांना दोन माणसांच्या आधारानं चार पावलं चालवून पाहिलं. चालवताना ते पायांकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

मी सांगितलं. रोट्या किती, वरण किती, तेल किती थेंब, सगळं. साखर कशी उतरली ते सांगितलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की तरुण डॉक्टर लिहायचे थांबले आहेत.

“लाखोळी,” साहेब म्हणाले. “किती दिवस?”

“दिवाळीनंतर लावली. अडीच-तीन महिने होत आले.”

“रोज?”

“दोन्ही वेळा. सकाळचं धरलं तर तीन.”

साहेबांनी यांना मणक्याचा फोटो काढायला पाठवलं आणि ते रिकाम्या खाटेच्या कडेला बसले. त्यांना बहुतेक उभं राहून सांगायचं नव्हतं. म्हणाले, “बाई, ही डाळ कधीमधी खाल्ली तर काही होत नाही. पण रोज तीच, पोटभर, महिनोन्‌महिने, आणि वरून अंगमेहनत, असं झालं तर ती पायांच्या नसा मारते. म्हणून तर ती बाजारात विकायला बंदी आहे. तुम्ही विकत कुठून आणली?”

“विकत नाही. माहेरची आहे.”

मला वाटलं मी हे मोठ्यानं बोलले, पण त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे आवाज फुटला नसावा.  भिंतीवर पालीचं एक पिल्लू होतं, मी त्याच्याकडे पाहत होते. सहा रोट्या. डब्यात मी सहा रोट्या बांधून दिल्या होत्या.

“बरे कधी होतील?” मी विचारलं.

“आता बंद केली तर यापुढे वाढणार नाही. पण जे गेलं ते परत येत नाही.”

“औषध?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. उठताना म्हणाले, “तुमच्या गावाकडे काठी घेऊन असे चालणारे लोक तुम्ही कधी पाहिले नाहीत का?”

पाहिले होते. मोजायला बसले तर हाताची बोटं पुरली नसती. चवड्यावर चालणारे, गुडघ्यात गुडघा अडकणारे, एका काठीचे, दोन काठ्यांचे. सगळी पुरुषमाणसं, सगळे गडी. गावात म्हणायचे, धानाच्या चिखलात राबून पायात गारठा चढला. मीही तेच म्हणायची. लहान असताना आम्ही पोरी त्यांच्या मागून तशाच चालायचो आणि हसायचो. मला त्यांच्या पोटऱ्या दिसल्या होत्या, काठ्या दिसल्या नव्हत्या. दिसल्या होत्या, पण दोन्हींचा संबंध लावायचं माझ्या मनातही आलं नाही. इतकी मी आंधळी.

दवाखान्यातून मी आधी धावत प्रेमिलावहिनींकडे गेले. त्या कपडे वाळत घालत होत्या. मी विचारलं, “ते डाळ वामनरावांनी किती खाल्ली?” त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, “रागावू नका सुभद्राबाई. आमी नाही खाल्ली. मले वास नाही आवडला त्याचा. दूधवाल्याच्या म्हशीले घातली. तुमाले वाईट वाटन म्हणून बोलली नाही.” मी तिथंच ओट्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता ते रडणं कधी झालं ते कळलं नाही. वहिनी घाबरून पाणी घेऊन आल्या. मग घरी येऊन मी चारुशीलेला जवळ घेतलं, तिच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, चालायला लावलं, पळायला लावलं. ज्या हट्टापायी मी तिला थापड मारली होती, त्याच हट्टानं माझी पोर वाचली होती. तिला मी नाही वाचवलं.

यांना सांगायचं राहिलं होतं. तीन दिवस मी टाळलं. चौथ्या दिवशी त्यांनीच विषय काढला. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

“तू काही विष म्हणून घातलं का मले?” ते म्हणाले. “तूनं चांगल्यासाठीच केलं ना.”

मला राग आला. खरं सांगते, भयंकर राग आला. ते ओरडले असते, ताट फेकलं असतं, तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. मी म्हणाले, “असे गोड नका बोलू माह्यासंग. शिव्या द्या.”  ते म्हणाले, “सायकल वामनच्या भाच्याले देऊन टाक. गंजून जाईन.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपले नव्हते, ते मला पाठीवरून कळत होतं.

आठवड्यानं त्यांना घरी आणलं, हातात दोन काठ्या. स्वयंपाकघरात उरलेलं पोतं तसंच होतं, निम्म्याच्या वर. मला ते घरात ठेववेना, आणि फेकायचं म्हटलं तर कोणी उचलून खाल्लं तर, ही भीती. शेवटी मी ते रिक्षात घातलं, एसटीत चढवलं आणि माहेरी गेले. जाताना सगळी वाट मी बाबांना काय सांगायचं ते जुळवत होते. मला वाटत होतं, की गावाला हे माहीत नाही. बिचाऱ्यांना कोणी सांगितलं नाही. मी सांगेन. माझ्या नवऱ्याचे पाय गेले, पण निदान गाव तरी शहाणं होईल. तेवढाच एक आधार मी धरून बसले होते.

बाबा अंगणात खाटेवर बसले होते. माझे बाबा, चंपतराव, गावातले मोठे कास्तकार. सतरा-अठरा गडी राबायचे आमच्याकडे. कंडक्टरनं फाट्यावर उतरवलेलं पोतं आमचा गडी कवडू बैलबंडीतून घेऊन आला आणि अंगणात टेकवलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. आई, कौसल्या, दारात येऊन उभी राहिली होती.

बाबा उठले. त्यांचे ओठ हलत होते. “जावयाले चारली?” ते म्हणाले. “अवं पोरी, जावयाले चारली तूनं ते?”

“हो.”

“मी समजलो ढोरायसाठी मांगून राहिली. एक शब्द लिहिला असता वं. एक शब्द.” त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बाबांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. “आपल्या घरी कधी शिजली का ते? तुह्या ताटात कधी पडली का? तुले समजाले पाह्यजे होतं.”

“म्हणजे तुमाले माहीत होतं?”

“सगळ्यायलेच माहीत आहे. माह्या बापालेही माहीत होतं. म्हणून तं घरात नाही खात. गड्यायले मजुरीत देतात.”

ते इतक्या सहज म्हणाले, की मला आधी काही वाटलंच नाही. मी आईकडे पाहिलं. आपल्याले नाही पचत, असं मला सांगणारी माझी आई पदरानं डोळे पुसत होती, पण माझ्याकडे पाहत नव्हती. मग हळूहळू माझ्या आत ते उतरलं. दवाखान्यात बसला त्याहून हा धक्का मोठा होता. तिथं मी चुकले होते. इथं कोणी चुकलं नव्हतं. इथं सगळे जाणून होते, आणि त्याच घरात मी तुरीच्या वरणावर तूप घेऊन लहानाची मोठी झाले होते.

बाबांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. जावयाला मुंबईच्या डॉक्टरला दाखवू, असं म्हणाले. वाटेल ते करू म्हणाले. मग त्यांची नजर पोत्यावर गेली आणि अगदी रोजच्या आवाजात ते कवडूला म्हणाले, “हे कोठीत ठेव गा. उद्या गड्यायले वाटाचंच आहे, त्यात धरून घेऊ.”

कवडू वाकला. मी त्याच्या आणि पोत्याच्या मधे जाऊन उभी राहिले.

“कवडू, हे खाऊ नको. माह्या नवऱ्याचे पाय यानंच गेले. डॉक्टरनं सांगतलं.”

“आयकलं ना बाई आत्ता,” तो म्हणाला. तिशीचा असेल. “आमाले ठाऊक आहे. माह्या बापाचे याच्यानंच गेले, काकाचेही गेले. मंग काय खाऊ?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. नागपूरहून शिकलेली बाई आली आहे, तिला माहीत असेल, म्हणून तो विचारत होता आणि उत्तरासाठी थांबला होता. अख्ख्या गल्लीला काय खायचं, किती खायचं, कशात शिजवायचं हे तीन महिने सांगत सुटलेली मी, मला एक शब्द सुचेना. मी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे पाहत होते.

“चल गा, उचल,” ते म्हणाले.

“सरका बाई थोडं,” कवडू म्हणाला.

आणि मी सरकले.